घरात काय शिल्लक आहे?

शास्त्रपाठ : २ राजे ४:१-७



प्रार्थना, उपास आणि दान यांविषयी आपल्या मंडळ्यांमध्ये पुष्कळ शिकवण दिली जाते. दानाचा विषय निघाला की पैशाचाही निघतो. परंतु दानपेटीत न पडता जो पैसा घरातच राहतो, त्याचा कारभार कसा करावा, याविषयी व्यासपीठावरून क्वचितच ऐकावयास मिळते. यामुळे अनेक ख्रिस्ती घरांत एक मूक दुःख वस्तीला आलेले असते. वीस तारखेच्या सुमारास पगार संपतो, उसनवारी सुरू होते, पुढच्या पगारातून ती फेडली जाते आणि त्या महिन्यात पगार पंधरा तारखेलाच संपतो. पत्नीला पतीची सर्व देणी ठाऊक नसतात, पतीला पत्नीने भिशीतून उचललेली रक्कम ठाऊक नसते, आणि रविवारी मात्र दोघेही नीटनेटक्या कपड्यांत उपासनेला बसलेली असतात.

पवित्र शास्त्रात एका घरातील हेच दुःख सात वचनांत सांगितले आहे. संदेष्ट्यांच्या समुदायातील एका मनुष्याची विधवा अलीशाकडे येऊन आक्रोश करते. तिचा पती ऋण ठेवून वारला आहे आणि धनको तिच्या दोन्ही मुलांना दास करून नेण्यासाठी आला आहे. या वृत्तान्ताकडे आपण बहुधा तेलाचा चमत्कार म्हणून पाहतो. तो चमत्कार आहेच. परंतु चमत्काराच्या आधी एक प्रश्न आहे, आणि त्याच्या नंतर एक आज्ञा आहे. घरखर्च आटोक्यात आणू पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला तो प्रश्न आणि ती आज्ञा या दोन्हींची गरज आहे. या पाठात आपण त्यांचाच क्रमाने विचार करू या.

१. ऋण देवभीरूच्या घरीही येते

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की मरण पावलेला पती उधळ्या नव्हता. तो परमेश्वराचे भय धरणारा होता, हे अलीशाला ठाऊक असल्याची आठवण ती स्त्री करून देते. यहूदी इतिहासकार योसेफस याने अशी परंपरा नोंदवली आहे, की ही स्त्री अहाब राजाचा कारभारी ओबद्या याची विधवा होती, आणि लपवून ठेवलेल्या संदेष्ट्यांना पोसण्यासाठीच त्याने कर्ज काढले होते. ही परंपरा कोणी स्वीकारो वा न स्वीकारो, मूळ पाठातून एवढे निश्चित दिसते, की ऋण हे प्रत्येक वेळी अधर्माचे फळ नसते. आजारपण, नोकरी जाणे, अवर्षण, कर्त्या माणसाचा मृत्यू यांमुळेही ते येते. म्हणून ऋणग्रस्त बंधुभगिनींकडे संशयाने पाहण्याची घाई मंडळीने करू नये. अलीशाने त्या विधवेला एक शब्दही दोष दिला नाही.

तरीही शास्त्र ऋणाला निरुपद्रवी मानीत नाही. नीतिसूत्रे २२:७ मध्ये ऋणको हा धनकोचा दास असल्याचे म्हटले आहे. व्याजासाठी इब्री भाषेत ‘नेशेख’ हा शब्द आहे, आणि त्याचे नाते ‘चावणे’ या अर्थाच्या धातूशी जोडले जाते. हबक्कूक २:७ मध्ये संदेष्ट्याने याच शब्दाशी खेळ करून, चावा घेणारे अचानक उठतील, असा इशारा दिला आहे. भाषांतर करताना हा दुहेरी अर्थ मराठीत आणणे कठीण जाते. परंतु ज्याने व्याज भरले आहे त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. सर्पाचा दंश प्रथम लहानसाच दिसतो. विष चढते ते मागाहून.

हे विष आकड्यांत पाहू. सावकाराकडून शेकडा पाच रुपये महिना या दराने २०,००० रुपये घेतले, तर दरमहा १,००० रुपये केवळ व्याजाचे होतात. वीस महिन्यांत व्याजापोटी २०,००० रुपये जातात आणि मुद्दल जसेच्या तसे उभे राहते. शेकडा पाच हा आकडा लहान वाटतो, कारण तो महिन्याचा आहे. वर्षाचा हिशेब केला म्हणजे तो साठ टक्के होतो. दर महिन्याचा सांगितला आहे की वर्षाचा, एवढे एक विचारावयाची सवय लागली तरी अनेक घरे वाचतील.

२. पहिला प्रश्न : घरात काय आहे?

स्त्रीचा आक्रोश ऐकल्यावर अलीशाने पैसे काढून दिले नाहीत, आणि केवळ प्रार्थना करून तिला परतही पाठवले नाही. आपण काय करावे, असे विचारून त्याने लगेच तिच्या घरात काय आहे याची चौकशी केली. तिचे उत्तर मोठे मानवी आहे. प्रथम ती म्हणाली की काहीच नाही. आणि मग तिला तेलाचे एक लहानसे भांडे आठवले. या भांड्यासाठी मूळ इब्रीत जो शब्द आला आहे, तो संपूर्ण जुन्या करारात या एकाच ठिकाणी आढळतो. इतकी ती वस्तू किरकोळ! परंतु देवाने तिच्या सुटकेचा आरंभ तेथूनच केला.

बहुतेक घरांत या प्रश्नाची दोन चुकीची उत्तरे दिली जातात. काही जण म्हणतात, “आमच्याजवळ काहीच नाही,” आणि हातपाय गाळतात. काही जण म्हणतात, “होईल काहीतरी, देव पुरवील,” आणि हिशेब टाळतात. पहिले उत्तर विनम्र दिसते आणि दुसरे विश्वासाचे. पण दोन्हींच्या मुळाशी प्रत्यक्ष आकड्यांकडे पाहण्याचे भय असते. लूक १४:२८ मध्ये प्रभू येशूने बुरूज बांधू इच्छिणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त दिला आहे. तेथे खर्चाचा अंदाज करणे या अर्थी जे ग्रीक क्रियापद आले आहे, ते ‘खडा’ या शब्दापासून बनलेले आहे. प्राचीन काळी लोक खडे मांडून हिशेब करीत. तो मनुष्य आधी खाली बसतो आणि मग खडे मांडतो, हे चित्र आपल्या घरात उभे राहिले पाहिजे.

ते कसे करावे? एक साधी वही घ्या. एक संपूर्ण महिना प्रत्येक रुपया लिहा. चहाचे पैसे, रिक्षाचे भाडे, मुलांचा खाऊ, मोबाईलचे रिचार्ज, सारे काही त्यात आले पाहिजे. आजकाल यूपीआयने पैसे देताना हातातून नोट जात नाही, म्हणून खर्च मनाला टोचत नाही. परंतु त्याची नोंद बँकेच्या खात्यात असते. आठवड्यातून एकदा ती पाहून वहीत उतरवून घ्यावी. या महिन्यात काटकसरीचा कोणताही नियम करू नका; केवळ सत्य लिहा. वही पती आणि पत्नी या दोघांनी मिळून ठेवावी आणि दोघांचीही सर्व देणी तिच्यात यावीत. एकमेकांपासून लपवलेले कर्ज हे त्या वहीतले सर्वांत महाग कर्ज असते.

उदाहरणादाखल शहरात भाड्याच्या घरात राहणारे चार माणसांचे कुटुंब घेऊ. त्यांचे मासिक उत्पन्न ३०,००० रुपये आहे. घरभाडे ८,०००, किराणा, दूध, भाजी व गॅस ९,५००, शाळा व शिकवणी ३,५००, वीज व फोन २,०००, प्रवास २,०००, दुचाकीचा व मोबाईलचा हप्ता ४,५००, दान १,०००. ही बेरीज ३०,५०० होते. कुटुंबाला वाटते की आपण केवळ ५०० रुपयांनी मागे आहोत. परंतु महिनाभर वही लिहिल्यावर ‘किरकोळ’ या नावाखाली आणखी २,५०० रुपये सापडतात. म्हणजे खरा खर्च ३३,००० आहे आणि तूट ३,००० रुपयांची आहे. वर्षाला ती ३६,००० होते, व्याज वेगळेच. हे कुटुंब चैनीत राहत नाही. तरी ते दर महिन्याला थोडे थोडे बुडत आहे, आणि का बुडत आहे हे वहीखेरीज त्याला कळणार नव्हते.

आता काटछाट करावयाची ती याच वहीवरून. किरकोळ खर्च २,५०० वरून १,००० वर आणला, महिन्याचा पास काढून प्रवासात ५०० वाचवले, फोनच्या योजना कमी करून व विजेकडे लक्ष देऊन ४०० वाचवले, आणि आठवड्याची यादी करून एकदाच बाजार केल्याने खाण्यापिण्यात ८०० वाचले, तर एकूण ३,२०० रुपये होतात. तूट भरून निघते आणि २०० रुपये उरतात. दोनशे रुपयांनी कोणी श्रीमंत होत नाही. परंतु रक्त वाहावयाचे थांबले, हे थोडे नव्हे. पुढे दुचाकीचा हप्ता संपला की ती रक्कम नव्या वस्तूच्या हप्त्याला न देता जुन्या देण्याकडे वळवावयाची, हा निश्चय आजच वहीत लिहून ठेवावा.

एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. वर्षातून एकदाच येणारे खर्च आपण अनपेक्षित म्हणतो. पण नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो, आणि शाळेची फी नव्या वर्षाच्या आरंभी! योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा भाग राखून ठेवला, कारण पुढे काय येणार हे त्याला ठाऊक होते (उत्पत्ती ४१:३४-३६). नाताळला १२,००० रुपये लागत असतील, तर जानेवारीपासून दरमहा १,००० बाजूला काढावेत. ते जमत नसेल, तर आपल्याला १२,००० रुपयांचा नाताळ परवडत नाही, हे जानेवारीतच कळेल. डिसेंबरमध्ये कर्ज काढल्यावर कळण्यापेक्षा ते बरे.

३. दार लावून घेणे

अलीशाने त्या स्त्रीला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणावयास सांगितले, आणि मग मुलांसह आत जाऊन दार लावून घ्यावयास सांगितले. या दोन सूचना एकत्र पाहिल्या पाहिजेत.

तिने शेजाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत, तेलही मागितले नाही. केवळ भांडी मागितली, आणि तीही पुष्कळ. आपणही एकमेकांच्या वस्तू वापरू शकतो. मोठ्या वर्गात गेलेल्या मुलांची पाठ्यपुस्तके, लग्नातील वधूचा पोशाख, मोठी पातेली, शिडी, शिवणयंत्र या वस्तू प्रत्येक घराने विकत घेण्याचे कारण नाही. मंडळीत एक यादी केली, तर पुष्कळ खर्च वाचतो आणि स्नेहही वाढतो. मागण्यात लाज नाही; न परवडणारी वस्तू हप्त्याने आणून मिरवण्यात मात्र धोका आहे.

मग दार लावावयाचे. घरात तेल ओतले जात असताना शेजाऱ्यांनी पाहावयाचे नव्हते. आपल्या पुष्कळ खर्चाचे कारण हेच आहे, की आपले दार सदा उघडे असते आणि लोक काय म्हणतील याकडे आपले लक्ष असते. लग्नाचे मोठे सभागृह, बाप्तिस्म्याचे जेवण, नाताळात प्रत्येकाला नवे कपडे, अंत्यविधीनंतरचा पाहुणचार यांपैकी कशाचीही आज्ञा शास्त्रात नाही. काना येथील लग्नात द्राक्षारस कमी पडला, तेव्हा मरीयेने ती गोष्ट प्रभूच्या कानावर घातली. यजमानाला नावे ठेवली नाहीत. एका दिवसाच्या सोहळ्यासाठी पाच वर्षांचे हप्ते डोक्यावर घेणाऱ्या नवदांपत्याच्या संसाराचा आरंभच दास्यात होतो. ज्या वडील मंडळींचा समाजात मान आहे, त्यांनी आपल्या घरचे एक लग्न साधेपणाने केले, तर दहा गरीब घरांना तसे करण्याचे धैर्य येईल.

दाराच्या आत त्या स्त्रीबरोबर तिचे मुलगे होते. ते भांडी आणून देत होते आणि ती ओतत होती. मुलांपासून घराची परिस्थिती पूर्णपणे लपवणे योग्य नव्हे. त्यांच्या वयाला झेपेल इतके त्यांना सांगावे आणि त्यांच्याकडे एखादे काम सोपवावे. वीज वाचवण्याची जबाबदारी दहा वर्षांचे मूल मोठ्या अभिमानाने पार पाडते. पाच हजारांना खाऊ घातल्यावरही प्रभूने उरलेले तुकडे गोळा करावयास लावले (योहान ६:१२). ज्याने भाकरी वाढवल्या, त्यानेच तुकडे वाया जाऊ दिले नाहीत, ही गोष्ट मुलांना जेवणाच्या पानावरच शिकवता येते.

४. आज्ञा : विकावे आणि ऋण फेडावे

भांडी भरली आणि तेल थांबले. ती स्त्री पुन्हा संदेष्ट्याकडे गेली, तेव्हा त्याने दिलेल्या आज्ञेचा क्रम पाहा. आधी तेल विकावे, मग ऋण फेडावे, आणि उरलेल्यावर तिने व मुलांनी निर्वाह करावा. घरात धान्य कमी असताही ऋण आधी आणि निर्वाह त्यानंतर असा हा क्रम आहे. चमत्काराने मिळालेले धनही प्रथम धनकोचे होते. स्तोत्र ३७:२१ मध्ये उसने घेऊन परत न करणाऱ्याला दुष्ट म्हटले आहे, हे आपण विसरू नये.

आपल्या सर्व देण्यांची एका पानावर यादी करावी : कोणाचे, किती, व्याजाचा वार्षिक दर काय, मासिक हप्ता किती. सर्वांना किमान ठरलेली रक्कम देऊन, वाचलेला प्रत्येक रुपया सर्वांत जास्त व्याजाच्या देण्याकडे वळवावा. ते फिटले की त्याचीही रक्कम दुसऱ्याकडे वळवावी. क्रेडिट कार्डाचे ४०,००० रुपये थकले असतील आणि दर महिन्याला साडेतीन टक्के असेल, तर एका महिन्याचे व्याज १,४०० रुपये होते. २,००० रुपये भरून आपण निश्चिंत झालो, तर देणे केवळ ६०० रुपयांनी कमी झाले. आणि व्याजावरील कर धरला तर तेवढेही नाही. शिवाय पूर्ण रक्कम न भरल्यामुळे नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागू होते. असे कार्ड फिटेपर्यंत कपाटात ठेवावे.

घरात पडून असलेले सोने हे पुष्कळ कुटुंबांत त्या विधवेच्या तेलासारखे आहे. छत्तीस किंवा साठ टक्के व्याज भरीत असताना कपाटात दागिने जपून ठेवणे हे व्यवहाराला धरून नाही. एखादा दागिना मोडून सावकाराचे देणे एकदाचे फेडावे. यात आईच्या आठवणीचा प्रश्न येतो, हे खरे आहे. तो निर्णय पत्नीच्या संमतीनेच व्हावा. तिचे स्त्रीधन पतीने परस्पर विकू नये.

ज्यांना नवे कर्ज घेणे अटळ आहे, त्यांनी काही गोष्टी जाणून घ्याव्यात. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी किरकोळ मुदत कर्ज देताना सर्व आकार धरून येणारा वार्षिक दर दाखवणारे तथ्यपत्रक ऋणकोला समजणाऱ्या भाषेत द्यावयाचे आहे. ते मागून घ्यावे आणि सही करण्यापूर्वी घरी आणून वाचावे. ‘सरळ बारा टक्के’ असे सांगून एक लाख रुपये दोन वर्षांसाठी दिले, तर व्याज २४,००० आणि हप्ता सुमारे ५,१६७ रुपये होतो. परंतु मुद्दल दरमहा कमी होत असल्यामुळे खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. मोबाईलवरून काही मिनिटांत मिळणाऱ्या कर्जाच्या बाबतीत, मागे कोणती बँक किंवा नोंदणीकृत वित्त कंपनी आहे हे प्रथम विचारावे. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. बँका व वित्त कंपन्या यांच्या वसुली प्रतिनिधींनी सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करू नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२ चा आदेश आहे. फेडण्याचे कर्तव्य आपले आहे. अपमान सोसणे हे त्या कर्तव्यात येत नाही.

जामीन राहण्याविषयी स्वतंत्र शब्द सांगितला पाहिजे, कारण आपल्या मंडळ्यांत पतपेढीच्या कागदावर बंधुप्रेमाने सही करण्याची रीत आहे. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. नीतिसूत्रे ६:१-५ मध्ये जामीन राहिलेल्याला, पारध्याच्या हातून हरिणी सुटते तशी स्वतःची सुटका करून घ्यावयास सांगितले आहे. नियम सोपा आहे : ती संपूर्ण रक्कम आपल्या खिशातून देण्याची तयारी असेल तरच सही करावी. नसेल तर नकार द्यावा, आणि शक्य तेवढी मदत रोख द्यावी. नकार देणे हे प्रेमाचा अभाव नव्हे.

५. उरलेल्यावर निर्वाह

ऋण फिटल्यावर उरलेल्यावर राहावयाचे, ही आज्ञेची शेवटची बाजू आहे. ऋणमुक्त झालेली अनेक घरे पुन्हा ऋणात जातात, कारण उत्पन्नाबरोबर त्यांचा खर्चही चढत जातो. जॉन वेस्ली यांनी आपल्या एका प्रवचनात ऑक्सफर्ड येथील एका तरुणाचे उदाहरण दिले आहे. तो तरुण म्हणजे ते स्वतःच, असे मानले जाते. पहिल्या वर्षी त्याला ३० पौंड मिळाले. त्याने २८ पौंडांत निर्वाह करून २ पौंड दान केले. दुसऱ्या वर्षी ६० पौंड मिळाले, तरी निर्वाह २८ मध्येच केला आणि ३२ दिले. तिसऱ्या वर्षी ९० पैकी ६२, आणि चौथ्या वर्षी १२० पैकी ९२ पौंड त्याने दिले. आपल्याला इतके जमणार नाही. मुलाबाळांचा संसार वेगळा असतो. परंतु पगारवाढ झाली की पहिले सहा महिने ती नव्हतीच असे समजून चालावे, एवढे तर प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.

त्या वाचलेल्या रकमेतून प्रथम तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी गंगाजळी साठवावी. पोस्टाच्या आवर्त ठेवीत दरमहा १०० रुपयांपासून आरंभ करता येतो. बँकेतील ठेवींना ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे एका बँकेत पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. वर्षात पैसे दुप्पट करून देणाऱ्या योजनेला असे कोणतेही संरक्षण नसते, मग ती योजना आणणारा आपल्याच मंडळीचा सभासद का असेना. त्या विधवेच्या घरावरील संकट कर्त्या पुरुषाच्या मृत्यूनंतर आले, हेही लक्षात ठेवावे. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत जून २०२२ पासून वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचे संरक्षण मिळते. अठरा ते पन्नास या वयात बँक किंवा पोस्टाच्या खात्यामार्फत त्यात नाव घालता येते. ज्याच्यावर घर अवलंबून आहे त्याने असे काही करून ठेवणे हा अविश्वास नव्हे. स्वकीयांची तरतूद न करणाऱ्याविषयी प्रेषित पौलाने १ तीमथ्य ५:८ मध्ये किती कठोर शब्द लिहिले आहेत, ते पाहावे.

६. दानाचे काय?

येथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. कर्जात असलेल्या कुटुंबाने दान द्यावे काय? कोणी म्हणेल की कर्ज फिटेपर्यंत देऊ नये. कोणी म्हणेल की कर्ज काढूनही दशमांश द्यावा. शास्त्र या दोन्ही टोकांना जात नाही. २ करिंथ ८:१२ मध्ये पौल स्पष्ट करतो, की दान माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे मान्य होते, जे नाही त्याप्रमाणे नव्हे. उसने आणलेले धन हे आपल्याजवळ नसलेलेच धन आहे. मार्क ७:९-१३ मध्ये, देवाला अर्पण केले असे सांगून आईबापांचे देणे टाळणाऱ्यांना प्रभूने दोष दिला. तेव्हा सावकाराचे किंवा वाण्याचे देणे बुडवून दिलेले दान देवाला प्रिय होईल, असे समजू नये. त्याचबरोबर त्या विधवेने दोन टोल्या टाकल्या त्या प्रभूने पाहिल्या, हेही खरे आहे. म्हणून ऋणग्रस्त घराने, लहान का होईना, आपल्या मिळकतीतून प्रामाणिक वाटा काढावा, आणि तो लहान आहे म्हणून लाजू नये. मंडळीनेही दानाच्या रकमा जाहीर वाचून दाखवताना या घरांची आठवण ठेवावी.

शेवटी मंडळीच्या वाट्याचे काम आहे. काही घरांत वही कितीही काटेकोर लिहिली तरी उत्पन्नच इतके अपुरे असते, की काटछाटीला काही उरत नाही. त्यांना काटकसरीचा उपदेश करणे क्रूरपणाचे होईल. लेवीय २५:३५ मध्ये अशा बांधवाला हात देऊन उभे करण्याची आज्ञा आहे, आणि पुढील वचनात त्याच्याकडून व्याज घेण्याची मनाई आहे. त्या विधवेला आक्रोश करण्यासाठी अलीशाचे दार होते. आपल्या मंडळीत असे दार कोठे आहे? पाळकाने किंवा एखाद्या विश्वासू वडिलांनी, ऐकलेली गोष्ट चार जणांत न बोलता, त्या घराची वही पाहण्यासाठी महिन्यातून एक संध्याकाळ दिली, तर कोणाची तरी मुले दास्यातून वाचतील. आणि ज्या वाचकाच्या घरात आज हेच दुःख आहे, त्याने आपल्या पत्नीला किंवा पतीला हा पाठ वाचून दाखवावा आणि आज रात्रीच वहीचे पहिले पान उघडावे.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. विधवेच्या “काहीच नाही” या उत्तरात आणि आपल्या घरातील बोलण्यात कोणते साम्य आहे? आपले ‘तेलाचे भांडे’ कोणते?

२. गेल्या वर्षभरातील आपला कोणता खर्च गरजेपेक्षा लोकांच्या नजरेसाठी झाला?

३. आपल्या सर्व देण्यांची यादी पती-पत्नी या दोघांनाही ठाऊक आहे काय? नसल्यास ती सांगण्यात कोणती अडचण वाटते?

४. २ राजे ४:७ मधील क्रम आपल्या घरात पाळावयाचा झाल्यास, या महिन्यात कोणता एक बदल करावा लागेल?

५. आपल्या मंडळीतील ऋणग्रस्त कुटुंबाला निर्भयपणे बोलता यावे, यासाठी कोणती व्यवस्था करता येईल?